बॅकअप, पण कशापासून?

कॉम्प्युटरच्या दुकानात "बॅकअपसाठी कुठली हार्ड डिस्क घेऊ?" असं विचारलं की उत्तर लगेच मिळतं. एक टीबी की दोन, या कंपनीची की त्या, वॉरंटी किती वर्षांची. डिस्क घरी येते, एखाद्या रविवारी सगळे फोटो तिच्यात कॉपी होतात. मग ती ड्रॉवरमध्ये जाते, नाहीतर कॉम्प्युटरलाच जोडलेली राहते आणि विषय संपतो.

दुकानात न विचारलेला प्रश्न मात्र तसाच राहतो: डेटा वाचवायचा तो कशापासून? घरच्या कॉम्प्युटरमधला डेटा पाच वाटांनी जातो. डिस्क मरते. आपल्याच हातून फाइल पुसली जाते. खंडणीखोर व्हायरस फाइलींना कुलूप घालतो. चोरी, आग किंवा पूर सगळंच घेऊन जातो. आणि पाचवी वाट सगळ्यांत फसवी: फाइल जागेवर असते, पण ती वाचता येत नाही. यांपैकी पहिल्या संकटावर एक्स्टर्नल हार्ड डिस्क हा जवळजवळ पुरेसा उपाय आहे. उरलेल्या चारांत तिचा उपयोग होईल की नाही, हे तिच्या किमतीवर नाही, ती वापरण्याच्या रीतीवर ठरतं. म्हणून या आढाव्यात प्रत्येक संकटापुढे ही डिस्क उभी करून पाहू.

सध्या याला निमित्तही आहे. विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कुठे जुनी मशिनं बदलली जातायत, कुठे त्यांवर नवं विंडोज टाकलं जातंय. फॉरमॅट मारण्याआधी घाईत घेतलेली कॉपी हाच अनेक घरांतला पहिला आणि शेवटचा बॅकअप असतो.

आधी यादी

सगळंच वाचवायला गेलं की काहीच नीट वाचत नाही. डाउनलोड केलेले सिनेमे, सॉफ्टवेअरचे सेटअप, बँकेची स्टेटमेंटं पुन्हा मिळतात. डिजिटल सही असलेला सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून परत काढता येतो. २०१५ पासून चालू असलेल्या डिजिलॉकरमध्ये वाहन परवान्यापासून अनेक गुणपत्रिकांपर्यंतची कागदपत्रं मिळतात. यांची प्रत असावी, पण ती हरवली तर घर थांबत नाही.

पुन्हा न मिळणारी यादी वेगळी असते. लग्नाचे आणि बारशाचे फोटो, आजीच्या आवाजातल्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, अर्ध्यात असलेलं हस्तलिखित, क्लासच्या प्रश्नपत्रिका, घरून चालणाऱ्या धंद्याचा टॅलीचा डेटा, स्कॅन केलेली वडिलांची पत्रं. बहुतेक घरांत ही यादी काही शे जीबीच्या आत बसते, तिच्यातला बहुतांश भाग फोटो-व्हिडिओंचा असतो आणि कागदपत्रांचा भाग अगदीच छोटा. हे प्रमाण लक्षात ठेवावं, कारण पुढे कुठल्या वस्तूला कुठला उपाय परवडतो हे त्यावरूनच ठरतं.

या यादीत दोन गोष्टी नेहमी सुटतात. एक म्हणजे फोन. हल्ली फोटो कॉम्प्युटरवर येतच नाहीत, ते फोनमध्येच राहतात. दुसरी म्हणजे डी ड्राइव्ह. आपल्याकडे असेंबल केलेल्या पीसीत एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देण्याची जुनी रीत आहे. विंडोज सी मध्ये, आपलं सामान डी मध्ये. विंडोज बिघडलं की सी फॉरमॅट मारायचा आणि डी तसाच ठेवायचा, एवढ्यापुरती ही रीत सोयीची आहे. पण त्यातून असा समज पसरला की सी मधली फाइल डी मध्ये ठेवली म्हणजे बॅकअप झाला. दोन्ही भाग एकाच डिस्कवर आहेत. घराची जादा किल्ली त्याच जुडग्यात अडकवण्यासारखं हे आहे.

पहिलं संकट: डिस्क मरते

हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात, घरगुती डिस्कमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या वेगाने, आणि वाचणारं-लिहिणारं टोक चकतीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. चालू डिस्क टेबलावरून पडली तर काय होतं, ते या अंतरावरून कळावं.

अशा डिस्क किती वेळा मरतात, याचा अभ्यास २००७ साली एकाच परिषदेत दोन शोधनिबंधांनी मांडला. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कची नोंद तपासली. उत्पादकांच्या कागदावरच्या आकड्यांनुसार वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क बिघडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात बदलाव्या लागणाऱ्या डिस्कचं प्रमाण दोन ते चार टक्के हे सर्रास दिसलं आणि काही ठिकाणी ते १३ टक्क्यांपर्यंत गेलं. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्क तपासल्या. मरण्याआधी डिस्क इशारा देते का, हा त्यांचा एक प्रश्न होता. डिस्कच्या आत स्वतःची प्रकृती नोंदवणारी 'स्मार्ट' नावाची यंत्रणा असते. तिच्यातल्या चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही खूण ५६ टक्क्यांहून अधिक मेलेल्या डिस्कनी दाखवली नव्हती. 'आवाज यायला लागला की बघू' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

अलीकडची स्थिती बरी आहे. बॅकब्लेझ ही साठवणूक कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कच्या आयुष्याची आकडेवारी जाहीर करते. गेल्या काही वर्षांत तिच्याकडे वर्षाला साधारण एक ते दीड टक्क्याच्या आसपास डिस्क बिघडतात. पण त्या डिस्क थंड खोलीत, स्थिर विजेवर आणि कुणी न हलवता चालतात. कोकणातली पावसाळी दमट हवा, मराठवाड्यातला उन्हाळा, वीज जाताना-येताना बसणारे झटके हे काही त्यांच्या वाट्याला येत नाही.

आता लॅपटॉपमध्ये एसएसडी आली, फिरणारं काही उरलं नाही, मग धोका कमी झाला का? धक्क्याने मरण्याचा झाला. पण एसएसडी मरते तेव्हा बहुधा अचानक मरते. शिवाय तिच्यातून पुसलेली फाइल परत काढणं हार्ड डिस्कपेक्षा पुष्कळ अवघड असतं, कारण 'ट्रिम' नावाच्या सोयीमुळे रिकामी झालेली जागा एसएसडी स्वतःच साफ करून टाकते. जुन्या डिस्कमधून 'रिकव्हरीवाल्या'ने काढून दिलं, या अनुभवावर एसएसडीच्या बाबतीत विसंबू नये.

या संकटापुढे एक्स्टर्नल डिस्क उत्तम उभी राहते. एक डिस्क वर्षात मरण्याची शक्यता शंभरात एक-दोन असेल, तर वेगवेगळ्या दोन डिस्क एकाच आठवड्यात मरण्याची शक्यता नगण्य आहे. अट एकच: दोघींचं नशीब वेगळं असलं पाहिजे. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर दोन्ही कायम लावून ठेवल्या तर विजेचा एकच झटका दोघींना पुरतो.

दुसरं संकट: आपलाच हात

पिक्सारचे लोक १९९८ साली 'टॉय स्टोरी २' बनवत असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या बहुतेक फाइली सर्व्हरवरून पुसल्या गेल्या. बॅकअप घेतला जात होता, पण तो नीट चालत नव्हता हे तेव्हाच कळलं. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती, तिने चित्रपट तारला. स्टुडिओत जे घडतं ते घरात रोज घडतं, फक्त लहान आकारात: फोल्डर चुकून ओढलं जातं, जुन्या फाइलवर नवी सेव्ह होते, 'डुप्लिकेट फोटो काढून टाकणारं' अॅप मूळ फोटोच काढून टाकतं.

इथे एक्स्टर्नल डिस्कचा सगळ्यांत लोकप्रिय वापर निकामी ठरतो. 'मिरर' पद्धतीत, म्हणजे विंडोजमधला रोबोकॉपी किंवा फ्रीफाइलसिंक त्या पद्धतीने चालवला तर, डिस्क कॉम्प्युटरचं हुबेहूब प्रतिबिंब बनते. कॉम्प्युटरवर पुसलेली फाइल पुढच्या खेपेला डिस्कवरूनही पुसली जाते. चूक इमानेइतबारे कॉपी होते. म्हणून या संकटात नुसती प्रत पुरत नाही, फाइलीच्या जुन्या आवृत्त्याही हव्यात.

ही सोय सामान्य माणसाच्या हाती पहिल्यांदा नीट दिली ती अॅपलने. २००७ साली आलेली 'टाइम मशीन' शेवटच्या २४ तासांतल्या दर तासाच्या, महिन्याभरातल्या दर दिवसाच्या आणि त्यामागच्या दर आठवड्याच्या प्रती ठेवते आणि जागा संपली की सर्वांत जुन्या काढत जाते. वापरणाऱ्याला डिस्क जोडून एकदा 'हो' म्हणावं लागतं, एवढंच. विंडोजने २०१२ साली विंडोज ८ बरोबर 'फाइल हिस्टरी' आणली. तीही तासातासाला बदललेल्या फाइली टिपते आणि आजही कंट्रोल पॅनलमध्ये आहे. तिची मेख अशी की ती मुळात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांपुरती चालते. डी ड्राइव्हमधलं फोल्डर लायब्ररीत जोडलं नाही, तर त्याच्याकडे ती बघतही नाही. मराठी घरातला निम्मा डेटा डी मध्ये असतो, म्हणून ही मेख आपल्यासाठी छोटी नाही. विंडोज ११ मध्ये पुढे केलेलं 'विंडोज बॅकअप' हे वेगळंच प्रकरण आहे. ते डिस्ककडे न जाता मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हकडे जातं आणि तिथे मोफत जागा फक्त ५ जीबी.

लिनक्सवर देजा-डुप हे साधं साधन याच तत्त्वावर चालतं. हाताने कॉपी करणाऱ्यालाही हे तत्त्व पाळता येतं. जुन्या फोल्डरवर नवं ओतण्याऐवजी तारखेच्या नावाचं नवं फोल्डर करावं आणि जुनी दोन-तीन तशीच ठेवावीत. जागा अधिक लागते, म्हणूनच डिस्क डेटाच्या निदान दुप्पट घ्यावी. अॅपलही टाइम मशीनसाठी हेच सांगतं.

जुन्या आवृत्त्या किती मागच्या ठेवायच्या? चूक कधी लक्षात येते, त्यावर हे अवलंबून. हिशेबाच्या फाइलीतली चूक महिन्याभरात कळते. फोटोंचं हरवलेलं फोल्डर मात्र पुढच्या वर्षी कुणी 'मागच्या दिवाळीचे फोटो दाखव' म्हणेपर्यंत कळत नाही.

तिसरं संकट: कुलूप घालणारा व्हायरस

२०१३ मधल्या क्रिप्टोलॉकरपासून रॅन्समवेअर हा शब्द सामान्य झाला. १२ मे २०१७ ला पसरलेल्या वॉनाक्रायने दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर गाठले आणि फाइली सोडण्यासाठी ३०० डॉलरचे बिटकॉइन मागितले. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. घरगुती मशिनांवर मात्र वेगळीच टोळी अधिक दिसते. 'डीजेव्हीयू' नावाने ओळखला जाणारा प्रकार मुख्यतः क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर येतो. फुकटातलं फोटो एडिटिंगचं पॅकेज टाकलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या फाइलींच्या नावांपुढे अनोळखी चार अक्षरं लागली, ही त्याची ओळख.

असा व्हायरस कॉम्प्युटरला दिसणाऱ्या प्रत्येक ड्राइव्हवर जातो. जोडलेली एक्स्टर्नल डिस्क त्याला ई किंवा एफ अशा आणखी एका अक्षरासारखी दिसते आणि बॅकअपलाही कुलूप लागतं.

इथे या साधनाचा मूळ पेच उघडा पडतो. बॅकअप नियमित व्हायचा तर तो आपोआप व्हायला हवा, आणि आपोआप व्हायचा तर डिस्क जोडलेली हवी. बॅकअप सुरक्षित राहायचा तर डिस्क सुटी हवी. माणसाच्या आळसावर विश्वास ठेवला तर व्हायरस गाठतो, शिस्तीवर विश्वास ठेवला तर विसर गाठतो. बॅकअपवरच्या बहुतेक वादांच्या मुळाशी हाच पेच आहे आणि एका डिस्कने तो सुटत नाही. दोन डिस्कनी सुटतो: एक जोडलेली, रोजच्या चुकांसाठी, दुसरी सुटी, महिन्यातून एकदा लावायची, काम झालं की काढायची. दोन्ही एकाच वेळी कधीच जोडायच्या नाहीत. एकच डिस्क परवडत असेल, तर ती सुटी ठेवणं अधिक शहाणपणाचं, आणि ती लावण्याचा वार ठरवून टाकावा.

नेटवर्कवर ठेवायची डिस्क, म्हणजे राउटरला जोडलेली पेटी, घेतली की हा पेच मिटेल असं वाटतं. पण जी पेटी इंटरनेटवरून पोहोचण्याजोगी ठेवली जाते, तिच्यापर्यंत इतरही पोहोचतात. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या जुन्या पेट्यांवर बाहेरून हल्ला झाला, कित्येकांच्या पेट्या फॅक्टरीतून आल्यासारख्या कोऱ्या झाल्या आणि त्या इंटरनेटपासून तोडा असं कंपनीला सांगावं लागलं.

चौथं संकट: घरच जातं

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि मुंबईच्या तळमजल्यांमधलं सगळं पाण्याखाली गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. पुराच्या पाण्यात कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या ड्रॉवरमधली एक्स्टर्नल डिस्क एकत्रच बुडतात. चोरही लॅपटॉपच्या बॅगेत ठेवलेली डिस्क बॅगेसकटच नेतो.

यावर जुना आणि अजूनही चोख नियम तीन-दोन-एकचा. पीटर क्रॉग या अमेरिकी छायाचित्रकाराने डिजिटल फोटोंच्या व्यवस्थापनावरच्या आपल्या पुस्तकातून तो लोकप्रिय केला. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. हा नियम एखाद्या सर्व्हर कंपनीच्या माणसाने न सांगता फोटोग्राफरने सांगितला, यात नवल नाही. मोठ्या फाइली, पुन्हा न काढता येणारे क्षण आणि घरातच थाटलेलं ऑफिस हे सगळं त्याच्याकडे होतं. आज ते प्रत्येक घरात आहे.

दुसरी जागा म्हणजे हल्ली क्लाउड, असं गृहीत धरलं जातं. त्याचा हिशेब मांडून पाहावा. गूगलची मोफत जागा १५ जीबी, तिच्यात ईमेल, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअप सगळेच वाटेकरी. गूगल फोटोजमधली अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ ला बंद झाली. पैसे भरून जागा घेतली तरी ५०० जीबी वर चढवायला सेकंदाला २० मेगाबिट अपलोड वेगाने सलग ५५ तासांहून अधिक लागतात, आणि सगळं खाली उतरवायचं ठरवलं तर पुन्हा तितकाच मामला. शिवाय गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह मुळात सिंक करतात. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं आणि दोन्हींची कचरापेटी ३० दिवसांनी रिकामी होते. दुसऱ्या संकटातला आरसाच हा, फक्त लांब टांगलेला.

क्लाउड म्हणजे शेवटी कुणाच्या तरी इमारतीतल्या डिस्क. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग इथल्या ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि दुसऱ्या जागी प्रत नसलेल्या ग्राहकांचा डेटा गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये आग लागली, त्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या सुमारे ८५८ टेराबाइट फाइली गेल्या. त्या साठ्याला बाहेर प्रत नव्हती. ज्या चुकीबद्दल घरगुती माणसाला बोल लावला जातो, ती चूक सरकारंही करतात.

म्हणून घरासाठी व्यवहार्य वाटणी अशी: यादीतला छोटा, रोज बदलणारा भाग, म्हणजे लेखन, हिशेब, कागदपत्रं, क्लाउडवर, मोठा, क्वचित बदलणारा भाग, म्हणजे फोटो आणि व्हिडिओ, दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरी. मराठी घराला यासाठी नवी व्यवस्था लागत नाही. गणपती-दिवाळीला गावी जाणं होतंच. दोन डिस्कची अदलाबदल त्या खेपांना करता येते: ताजी डिस्क भावाकडे ठेवायची आणि तिथली जुनी घेऊन यायची.

डिस्क घराबाहेर गेली की कुलूप आवश्यक होतं, कारण तिच्यात आधार, पॅन आणि बँकेचे कागद असतात. विंडोजमधलं बिटलॉकर हे कुलूप लावतं, पण ते लावण्यासाठी विंडोजची प्रो आवृत्ती लागते. होम आवृत्तीत कुलूप लावलेली डिस्क उघडता येते, नव्या डिस्कला लावता येत नाही. मॅकवर टाइम मशीनमध्येच हा पर्याय आहे. २०१३ पासून उपलब्ध असलेलं व्हेराक्रिप्ट विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर मोफत चालतं. पासवर्ड विसरला तर मात्र हे कुलूप मालकालाही ओळखत नाही. हेच मशिनच्या आतल्या डिस्कलाही लागू आहे. विंडोज ११ चे बरेच नवे लॅपटॉप आपली डिस्क स्वतःहून कुलूपबंद करतात आणि तिची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवतात. ते खातं दुकानदाराने बसवून दिलेलं असेल आणि त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नसेल, तर पुढचं सांगायला नको.

पाचवं संकट: आहे, पण वाचता येत नाही

कपाटात ठेवलेली डिस्क सुरक्षित असते, असं मानण्याकडे आपला कल असतो. हार्ड डिस्क वर्षानुवर्षं न फिरवता ठेवली तर ती पुन्हा सुरू होईलच असं नाही. एसएसडी आणि पेन ड्राइव्हमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो हळूहळू गळतो. जेडेक या संस्थेचं मानक घरगुती एसएसडीकडून आयुष्य पूर्ण वापरून झाल्यावर ३० अंश सेल्सिअसला विजेविना एक वर्ष माहिती टिकवण्याची अपेक्षा करतं. नवी एसएसडी पुष्कळ अधिक टिकेल, पण दहा वर्षं लॉकरमध्ये ठेवायची वस्तू ती नव्हे. त्यासाठी आजही साधी हार्ड डिस्कच बरी, आणि तीही वर्षातून एक-दोनदा लावून पाहिलेली.

मराठीत या संकटाला आणखी एक पदर आहे. युनिकोड रुळण्याआधीची आपली पंधरा-वीस वर्षांची लिखापढी श्री-लिपी, कृतिदेव, आयएसएम अशा फॉन्टांत झाली. या पद्धतींमध्ये फाइलीच्या पोटात खरी देवनागरी अक्षरं नसतात. दुसऱ्याच अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नसलेल्या मशिनवर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा चुराडा दिसतो. डीटीपीवाल्यांकडे, छोट्या प्रकाशकांकडे, जुन्या दिवाळी अंकांच्या संपादकांकडे अशा फाइलींची भरलेली फोल्डरं आहेत, त्यातली कित्येक पेजमेकरमधली, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. बॅकअप वेळच्या वेळी घेतलेला, डिस्क ठणठणीत, आणि मजकूर हाती नाही. उपाय सोपा आहे, पण फॉन्ट चालणारं जुनं मशिन जिवंत आहे तोवरच. पानांची पीडीएफ काढून ठेवावी, मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा आणि फॉन्टच्या फाइलीही त्याच डिस्कवर ठेवाव्यात.

संपूर्ण डिस्कची 'इमेज' काढण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, तो इथे तोलून पाहता येतो. इमेज म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग, सगळ्यासकट घेतलेली प्रत. ज्यांच्याकडे डोंगलवर चालणारं जुनं सॉफ्टवेअर आहे आणि ते पुन्हा बसवून देणारा कुणी उरलेला नाही, त्यांनी ती जरूर घ्यावी. क्लोनझिला आणि वीमचा मोफत एजंट हे काम करतात. विंडोजमधली स्वतःची इमेजची सोय मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच बाद होणाऱ्यांच्या यादीत टाकली, तिच्या भरवशावर राहू नये. बाकी घरांना इमेजची फारशी गरज नाही. विंडोज पुन्हा बसवता येतं. बारशाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

साधनाविषयी थोडं

आता दुकानातल्या प्रश्नाकडे. घरासाठी अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क पुरते, तिला वेगळा अडॅप्टर लागत नाही. साडेतीन इंचीला लागतो, पण ती मोठ्या साठ्याला स्वस्त पडते. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती फसवणूक नसून मोजण्याच्या दोन रीतींचा फरक आहे. यूएसबी २ च्या जुन्या पोर्टवर सेकंदाला तीसेक मेगाबाइटचा वेग मिळतो आणि ४०० जीबीला पावणेचार तास लागतात. बहुधा निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टवर तेच काम तासा-सव्वा तासात होतं. स्वस्त पोर्टेबल डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे खूप मोठी कॉपी मध्येच मंदावते. तो बिघाड नाही, थांबावं. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे वापरायची डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी. मॅक विंडोजची एनटीएफएस डिस्क वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. पेन ड्राइव्ह निरोप्यासारखा वापरावा, कोठारासारखा नाही. पावसाळ्यात डिस्क सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डब्यात ठेवावी, काढताना 'सेफली रिमूव्ह' करावं, आणि फिरत असताना हलवू नये.

कसोटी एकच

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. कंपनीकडे बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. त्यांतली एकही धड चालत नव्हती किंवा नीट बसवलेलीच नव्हती, असं कंपनीने स्वतः जाहीर केलं. योगायोगाने हाताशी असलेल्या सहा तासांपूर्वीच्या एका प्रतीवर निभावलं. व्यवस्था असूनही असं होतं, कारण बॅकअप घेण्याचं काम रोज दिसतं आणि परत मिळवण्याचं काम संकट येईपर्यंत कुणी करून पाहत नाही.

घरी ही परीक्षा अर्ध्या तासात होते. दुसरा कॉम्प्युटर घ्यावा, सुटी डिस्क त्याला जोडावी आणि तीन गोष्टी परत मिळवून पाहाव्यात: पाच वर्षांपूर्वीचा एक फोटो, मागच्या महिन्यात बदललेल्या फाइलीची जुनी आवृत्ती आणि एक मराठी मजकुराची फाइल. तिन्ही उघडल्या तर पाचांपैकी बहुतेक संकटांची सोय लागली आहे. एखादी अडली तर ती का अडली, यातच पुढचं काम दिसतं. जुनी आवृत्ती नसेल तर पद्धत बदलायची, मजकूर चुराडा दिसला तर युनिकोडकडे वळायचं, डिस्कच सापडली नाही तर तिची जागा ठरवायची.

ही परीक्षा घरातल्या जाणकाराने देऊ नये. आपल्याकडे बहुतेक घरांत कॉम्प्युटरचं सगळं एकालाच कळतं आणि तो मुलगा किंवा ती मुलगी पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर न्यू जर्सीला असते. बॅकअप त्यानेच बसवलेला असतो, पासवर्डही त्यालाच ठाऊक असतो. तेव्हा डिस्क कुठे आहेत, कुठली जोडायची, कुलूप कसं उघडायचं, हे एका कागदावर मराठीत लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवावं, आणि जाणकार शेजारी गप्प बसलेला असताना आईने किंवा बाबांनी तो कागद वाचत फोटो परत काढून दाखवावा. त्यांना जिथे अडेल, तिथे कागद दुरुस्त करावा. दोन टीबी घ्यावी की चार, हे त्यानंतर दुकानात ठरवायला हरकत नाही.